पालथा राजा

नाणं रज्जाक भंगारवाल्याच्या डब्यात होतं,
सायकलचे छर्रे, बुशकोटाची बटणं, कुलपांच्या जिभा यांच्यात.
मंगळवार बाजारात चाळीस रुपयांना
नायनानं घेतलं, आणि साखर पेठेपर्यंत
मूठ उघडली नाही.

नायना जकार्डची पुठ्ठी पाडायचा.
चादरीवरचा मोर आधी भोकांत लिहायचा,
घर मोजत, ओळ मोजत.
उलटं वाचायला त्यामुळे कुणाकडं शिकला नाही.
‘ठसा कोरणाऱ्यानं डावं ते उजवं कोरलं असणार,’ म्हणाला,
‘आपल्यातलाच. रोज काय मिळत होता कुणास ठाऊक.’

पहिलं वजन.
वेदपाठकांच्या काट्यावर तीन ग्रॅम चाळीस. जरा कमीच.
मग कड, भिंगाखाली गोल फिरवून:
ओतीव मालाला सांधा असतो, याला नव्हता.
मग डोकं. किरणांचा काटेरी मुकुट असता
तर दोनेकशे वर्षं अलीकडचं.
इथं पानं होती, मानेमागं फितीची दोन टोकं.
मी वहीत लिहीत होते. नववीत होते तेव्हा.
‘अक्षरं सांग.’
एक खांब, त्यावर आडवी पट्टी. शेजारी नुसता खांब.
पुढं छिन्नीचा घाव, कानापासून गळ्यापर्यंत,
आणि बाकीची अक्षरं झिजून सपाट.

‘तिबेरियस’, मी घाईनं लिहिलं.
नायनानं पेन घेतलं, आधी ‘बहुधा’ जोडलं.
अंदाजानं पुठ्ठा पाडला
की मोराला तिसरा पाय फुटतो.

घाव आपल्याकडच्याच कुणाचा तरी, म्हणाला.
घाट चढून आलेली चांदी,
आत तांबं तर नाही, एवढंच त्याला बघायचं होतं.
मध्ये राजाचं तोंड आलं, त्याला तो काय करणार.

उरलं भोक.
राजाच्या गळ्याखाली, अगदी कडेला.
दोन दिवस नायना तिथंच अडला.
गळ्यात घालायचं तर डोक्यावर पाडतील ना?
असं खाली कोण पाडतं?

अम्मा उंबऱ्याशी विड्या वळत होती,
हजाराला अजून दीडशे कमी.
‘आण इकडं.’
तंबाखूच्या बोटांनी नाणं पलटलं,
विडी बांधायचा दोरा भोकातून ओवला
आणि हात उंच करून लटकतं धरलं.

मागची बाजू आमच्याकडं आली.
खुर्चीवर बसलेली बाई,
एका हातात काठी, एका हातात डहाळी.
सरळ. भोक तिच्या डोक्यावर.
‘हे कुण्या बाईनं घातलंय,’ अम्मा म्हणाली.
‘तिला ही आवडली असंल. बघा की, कशी बसलीय.’
दिवसभर बसून असायची अम्मा,
अशी बसलेली मी तिला पाहिली नव्हती.

आणि राजा पलीकडं,
खाली डोकं, वर गळा,
कुणाच्या तरी छातीला तोंड लावून
घामात, हळदीत, पोराच्या लाळेत
रोज थोडा थोडा झिजलेला.
वेदपाठकांच्या काट्यावर जे कमी भरलं
ते तिच्याकडं राहिलं होतं.

वहीत शेवटची ओळ नायनाच्या अक्षरात आहे:
‘घालणारी’, पुढं दोन टिंबं,
पुढं कोरी जागा.
नाव लिहायचं झालं तर मावेल एवढी.

अम्मानं दोरा ओढून परत घेतला.
दीडशे विड्या बांधायच्या होत्या अजून.