सातवा रकाना

दारावरची निळी खूण ओस्वाल्दोने ठोकली
तेव्हा शिडी मी धरली होती.
उलट्या नांगरासारखी दिसते.
समोरची फेला म्हणाली,
लागलं बाई तुझं घर बंदराला, एनेइदा!

तेव्हापासून लोक येतात,
पाठीवर बिऱ्हाड, नाकाचं शेंदूर झालेलं,
हातातल्या चिठ्ठीवर माझं नाव चुकलेलं.
आधी पाणी देते, मग वही काढते.
नाव, देश, पासपोर्टचा आकडा, जन्मतारीख,
आले कधी, जाणार कधी,
आणि सातव्या रकान्यात: खोली कोणती.
खोली एकच आहे. तरी लिहावं लागतं.
कचेरीतला लेओनेल बोट ठेवून रकाने मोजतो.

खोली यामिलाची.
तिच्या उंचीच्या रेघा कपाटामागे आहेत,
कपाट कोणी हलवत नाही.
पंखा जुन्या रशियन वॉशिंग मशीनच्या मोटरचा,
रात्रभर थरथरत टेबलाच्या कडेला येतो.
सांगून ठेवते पाहुण्यांना,
निजण्याआधी त्याला भिंतीकडे लोटा.

अंडी हा खरा प्रश्न.
रेशनच्या वहीतली संपतात आठवड्यात
आणि न्याहारीला पाहुण्याला दोन लागतात.
सायकल काढून हिंडते पहाटे,
कोणाची कोंबडी कुठे घालते
हे गिबारात मला जेवढं ठाऊक
तेवढं कोंबड्यांनाही नसेल.
तुम्ही नाही खात? पाहुणा विचारतो.
माझं केव्हाच उरकलं, मी म्हणते.

वीज गेली की अख्खी गल्ली एकदम सुस्कारते.
नॉर्वेच्या एका मास्तराला वाटलं
चांदणं दिसावं म्हणून आम्ही मुद्दाम मालवतो.
मी हो म्हटलं.
दोन रात्री जास्त राहिला.

मार्चमध्ये दाएली आली. यामिलाची मुलगी.
एकोणीस वर्षांची, खांदे थेट आईचे,
पासपोर्ट तिकडचा.
गळ्यात पडून झालं, रडून झालं,
आणि हाताने सवयीने वही काढली.
मलाच लाज वाटली.
ती मात्र बसली, एकेक रकाना भरत गेली
तिरप्या, घाईच्या अक्षरात.
सातव्यापाशी थांबली.
मग लिहिलं: आईची.

लेओनेलचं बोट तिथेच अडलं.
हा काही खोलीचा नंबर नाही, म्हणाला.
मी म्हटलं, दुसरी खोली कुठंय?
त्याने इकडेतिकडे बघितलं
आणि शिक्का मारला.

सकाळी दोन अंडी ठेवली तिच्यापुढे.
तू नाही खात?
माझं केव्हाच...
तिने एक माझ्या बशीत सरकवलं.
मीठ कमी होतं. इतकी वर्षं
कोणी सांगितलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी बस गेल्यावर
चादर काढताना उशीखाली पैसे मिळाले,
तीन रात्रींचे, पाटीवरच्या दराने.
खूप राग आला.
तशीच बसून राहिले पलंगावर,
पंखा सरकत सरकत कडेला आला.

मग मोजले.
दुपारी नळवाला येणार होता.