अनुभव असल्यास लिहावा

फॉर्मवर तिसरा रकाना होता :
‘अनुभव असल्यास लिहावा.’
टेबलापलीकडची मुलगी पेनाचं टोपण चावत म्हणाली,
कोरा ठेवलास तरी चालेल.
मी कोराच ठेवला.
नाव लिहिलं वैजनाथ, गाव जिंतूर,
आणि कॉलेजच्या आकाश मंडळाचा
अडतिसावा सभासद झालो.
मंडळाच्या खोलीला खिडकी नव्हती.

तोवर पुण्यात मला एकोणीस दिवस झाले होते.
दुसऱ्याच दिवशी मेसच्या रांगेत
‘मी जायलो’ म्हणालो
आणि पुढचे तिघे वळून हसले.
वाईट नव्हते हसले. नवीन चव लागावी तसे.
पण तेव्हापासून मी प्रत्येक वाक्य
आधी तोंडात घोळवून, खडे निवडून,
मग वाढायचो;
तोवर पंगत उठलेली असायची.

मंडळानं मला ट्रायपॉड दिला.
म्हणजे वाहायला.
दर गुरुवारी वेताळ टेकडीच्या चढावर
पुढे शर्विल आपटे, दुर्बीण तान्ह्या लेकरासारखी कडेवर,
मग रेणू वाघचौरे, मग इरफान,
आणि सगळ्यात शेवटी मी, पाच पायांचा,
गप्प.
खाली कोथरूडचे दिवे इतके
की वरचं निम्मं आकाश धुऊन निघालेलं.
ओझं असलं की बरं असतं.
हात कुठं ठेवावेत हा प्रश्न सुटतो.

हळूहळू बाकीची कामं आली.
टॉर्चला लाल जिलेटिन बांधणं,
इरफानच्या हिशेबातले हरवलेले चाळीस रुपये शोधणं.
रेणूला कुत्र्यांची भीती,
म्हणून उतरताना तिच्या डाव्या बाजूनं चालणं.
कुणी ठरवलं नव्हतं. डावी बाजू माझी झाली.

मार्चात वेल्ह्याकडच्या एका शाळेत गेलो.
मैदानात साठेक पोरं, सतरंज्या,
आणि अंधार असा,
की घरचं कुणी भेटायला आल्यासारखं वाटलं.
शर्विलचा घसा बसलेला. दुर्बिणीला दव.
त्यानं माझ्याकडे नुसतं बोट केलं :
बोल.

बोल काय.
‘उत्तरेकडे सप्तर्षी,’ मी म्हणालो,
‘क्रतू, पुलह, पुलस्त्य...’
आणि अत्री आठवेना.
साठ पोरांची शांतता
पायापासून वर चढत आली.
मग कुणीतरी बोललं. मीच होतो.
‘आमच्याकडं ना, याला बाज म्हणतेत.
म्हातारीची बाज. हे चार खूर,
अन् हे तीन चोर, बाज पळवायलेत.
रोज रातच्याला टपून असतेत.
म्हातारी काही झोपंना,
चोरायला काही जमंना.’

एक पोरगी ताडकन उभी राहिली :
‘मग तिला सांगा ना, ओरड म्हणावं!’
मैदान हसलं. मीही.
पुढचा पाऊण तास
मी एकही खडा निवडला नाही.

परतताना टेम्पोत सगळे एकमेकांवर कलंडून झोपले.
इरफानचं डोकं माझ्या खांद्यावर,
जड, कलिंगडासारखं.
कात्रजच्या बोगद्यात पिवळा उजेड आला तेव्हा
रेणू डोळे न उघडता म्हणाली,
‘अत्री विसरलास.’
‘हो.’
‘बरं झालं.’

असं नाही की आता मी फार धीट झालो.
तोंडी परीक्षेत अजून तळवे भिजतात,
बँकेच्या खिडकीत नाव दोनदा सांगावं लागतं.
पण काल होस्टेलच्या फाटकात
वॉचमननं विचारलं, कुठं निघालात?
‘टेकडीवर जायलो,’ म्हणालो,
न घोळवता,
आणि मागून सायकल ढकलत
सदाशिव पेठेत जन्मलेला शर्विल
पहिल्यांदाच, साफ चुकीचं, ओरडला :
‘थांब रे, मी पण येयलो!’