बाकी सात

गठ्ठा सोडला की आधी खिसे.
हा माझा नियम.
बंदरावरून पानिपत, पानिपतहून नागपूर,
नागपूरहून दारव्ह्याच्या बाजारात, माझ्या ताडपत्रीवर,
आणि कुण्या देशातल्या कुणाचे खिसे
मी, शेवंता मडावी, उलटे करते.
निघतं काय? चिकट गोळी, फाटकी पावती,
एकदा एक दात निघाला, दुधाचा.
तो मी कवेलूवर फेकला, आपल्या पोरांचा फेकतो तसा.

यंदा संक्रांतीच्या आधीच्या बाजारात
निळ्या जर्किनच्या आतल्या खिशातून
पत्त्याएवढा पुठ्ठा निघाला.
वर एक माणूस. टोपी. गाल आत ओढलेले.
खांद्यावर मोगरी,
जसा बायकोचं धुणं धुवायला निघाला
आणि त्याचा त्याला अभिमान आहे.

"मावशी, हे किरकेट नोहे," भाचा म्हणाला,
"तिकडचा खेळ हाये. यात धावा कमी, थुंकणं जास्त."
त्यानं फोन पुढे धरला.
तोच माणूस, तीच टोपी, खाली आकडा.
मी शून्यं मोजत होते तेवढ्यात
एक बाई दोन स्वेटर घेऊन, पैसे न देता निघाली.
मी आधी तिला गाठलं.

मग हबीब घडीवाल्याची टपरी.
त्यानं डोळ्याला भिंग लावलं.
"चेहरा नोका पाहू बाई, चेहरा कोणीबी छापते.
अक्षर पाहा."
मला अक्षर येत नाही.
मला कड येते. शिवणीची कड, विणीची कड.
भिंगाखाली त्या माणसाचे गाल फुटले,
लाल ठिपका, पिवळा ठिपका,
रेघा ओढायच्या आधीची रांगोळी.
पण नावाची काळी अक्षरं भरीव होती,
काठ सरळ, कुठे भोक नाही.
"फोटोचा फोटो असता तं अक्षरंबी ठिपक्याचीच निघाली असती.
हे असल हाये."

असल म्हटलं आणि लगेच दोष काढायला बसला.
कोपरे बोथट.
एका बाजूची पांढरी किनार जाड, दुसरी दोऱ्याएवढी,
म्हणजे कापतानाच चित्र सरकलेलं.
मधे नखाएवढी घडी.
"कोरा असता तं घर बांधलं असतं तुमी.
असा दोन हजार, तीन. घेणारा भेटला तं."
मग पुठ्ठा उलटा केला आणि गप्प झाला.

पाठीवर शिसपेन्सिल.
अकरा. खाली चार. रेघ. सात.
आकडे मला येतात,
नोटांवर असतात तेवढे सगळे.
"खोडरबर आणतो," भाचा उठला.
हबीबभाईनं भिंग काढलं.
"खोडलं का मेला.
कागदाले मार लागते, अन् मार लपत नाही.
लिहिलेला एकवेळ विकते, खोडलेला नाही."

सात काय?
असे सात पुठ्ठे कुणाकडून यायचे होते,
की कुणाला द्यायचे?
माझ्या वहीतही अशीच रेघ असते,
खाली बाकी, आणि बाजूला नाव.
त्या पोरानं नाव लिहिलं नाही.
नाव पाठ असेल.
किंवा आई हाक मारत असेल, जेवायला.
सातचा पाय घाईत वाकडा गेलाय.

दिवे लागताना एक जागल्या आला.
हरभऱ्यात रोही शिरून राह्यले, म्हणे, रात्रभर बसा लागते.
जर्किनचे दीडशे सांगितले, एकशे दहाला दिलं.
घालून पाहिलं त्यानं, हात खिशात घातले,
मग आतल्या खिशातही, सगळेच घालतात तसा,
आणि रिकामा बाहेर काढला.
मला उगाच चोरी पकडल्यासारखं झालं.
दहा रुपये परत दिले. त्याला कळलं नाही कशाचे.

भाचा फोनवरच होता.
नागपूरच्या कुणाला चारही कोपऱ्यांचे फोटो हवे होते.
पाठवले.
"पाठीचाबी पाठव," मी म्हटलं.
"मावशी, त्यानं मागितला नाही ना."
गिऱ्हाइकाला डाग आधी दाखवायचा,
हाही नियम माझाच.
पाठवला.

तीन बाजार झाले.
अजून त्याचं उत्तर नाही.