टिक आली, पाणी नाही

सावद्याच्या पॅकहाऊसात सहा नळ,
सहाही बिनचावीचे. माल परदेशी जातो,
म्हणून धुताना कुणी कशाला शिवायचं नाही, असा नियम.
तिसरा रुसलेला.

फालकसाहेब म्हणाले, नळ चांगलाय हो,
ह्या बायांचे हातच चिकाने काळे,
सेन्सरला दिसत नाहीत.
सुगराबाई तडवी हात पुढे धरून उभीच होती.
केळीचा चीक नखांच्या मुळाशी, तळव्याच्या रेघांत.
"हा नय मले वयखत नही, भाऊ," म्हणाली,
आणि हसली नाही.

मी वाद घालत नाही. कान लावतो.
"पुन्हा धरा."
तांबडा ठिपका लुकलुकला. आत, पितळेच्या पोटात,
टिक.
म्हणजे डोळ्याने पाहिलं,
बॅटरीने निरोप धाडला, कॉइलने दांडी उचलली,
आणि पुढे कुणीतरी तो दाबून ठेवला.
"साहेब, हात दिसलेत. भानगड खाली आहे."

खालचा कॉक बंद. बादली. चार स्क्रू,
आणि वर तळहात आडवा, कारण स्प्रिंग उडते.
यावलला एक उडाली होती, ती अजून सापडायचीय.
दांडी निघाली, रबराची चकती निघाली,
बोअरच्या पाण्याने तिच्यावर चुना सारवलेला.
जाळीत वाळू, सहाशे फुटांखालची,
आज पहिल्यांदा उजेडात आलेली.

चकतीच्या मधोमध एक भोक असतं,
मोहरीही आत घेणार नाही एवढं.
त्यातून वरचा दाब ओसरला की चकती उठते,
चकती उठली की पाणी.
ते बुजलं होतं.

कँटीनच्या वाटीत लिंबू पिळलं, चकती बुडवली,
बारीक बुडबुडे आले, चुना सुटला,
भोक तेवढं हट्टी.
टाचणी नको. टाचणीने ते रुंदावतं,
मग नळ जन्मभर गळतो.
धागा हवा, आणि माझ्या पिशवीत पान्यांशिवाय काही नाही.

सुगराबाईने न विचारता कोपऱ्यातलं सोपट उचललं,
नखाने चिरलं, पुन्हा चिरलं,
चिरत गेली,
शेवटी चिमटीत उरलं ते केसाहून जरा जाड.
पहिल्याच खेपेला ओवलं,
आणि आतला पांढरा कण बाहेर.

चकती उलटी बसवायची नसते.
(बसवणारे भेटलेत.)
कॉक हळूहळू सोडला.
"धरा हात."
टिक, आणि त्याच्या पाठोपाठ पाणी.

चीक काही निघाला नाही, पाण्याने निघतच नाही तो.
ती तरी धूत राहिली, नियमाचे वीस सेकंद,
आणि वर थोडे बिनहिशेबी.

फालकसाहेबांनी रजिस्टरात लिहिलं: सेन्सर दुरुस्त केला.
मी पेन मागून घेतलं, खोडलं,
खाली लिहिलं: व्हॉल्व्ह साफ केला. सेन्सर ठीक होता.

पाचवा नळ थेंबथेंब गळतोय.
त्याची चकती कडेला फाटलीय,
भुसावळला मिळाली तर सोमवारी येतो.