दोन दोर

भिंतीवरचा तक्ता आला तेव्हाच फिकट होता.
एक कुलूप, एक चावी, चावीला काटेरी डोकं.
सहा वर्षं त्यावर बोट ठेवून सांगत आले:
ही पांढरी पेशी, हे तिच्या अंगावरचं कुलूप, सीडी-फोर,
ही विषाणूची चावी.
आणखी एक कुलूप असतं, सीसीआर-फाइव्ह,
ते तक्त्यात नाही, ते मी तोंडी सांगते.
समोरची माणसं मान हलवतात.
मान हलवणं म्हणजे कळणं नव्हे,
हे सोलापूरहून देवगडला आले
त्या पहिल्याच आठवड्यात समजलं.

हरेश्वर मेतरने मान हलवली नाही.
ट्रॉलरवरचा तांडेल, तळव्यांवर दोराचे जुने चटके,
रिपोर्ट चौघडी करून टोपीत ठेवलेला.
तक्त्याकडे तो असा पाहत होता
जशी कुणा पोराने मारलेली चुकीची गाठ.

"पयल्यान एकट्यान दार उघडणा नाय म्हणतास?"
नाही. नुसत्या पहिल्यावर तो लोंबकळत राहतो.
"मगे ही चावी न्हय, बाय. हो दोर आसा."

माझा स्टेपलर त्याने धक्का केला,
गोळ्यांचं रिकामं खोकं होडी.
"पयलो दोर खुंट्यार.
मगे होडी आपसूक वळता, कूस दाखयता.
वळल्याबिगर दुसरो दोर पोचणा नाय.
दुसरो बसलो काय फळी.
फळयेवरसून माल."

प्रशिक्षणाच्या जाड वहीत हेच होतं,
पाच ओळींच्या एका वाक्यात:
पहिली पकड बसली की प्रथिन वळतं,
लपलेली बाजू उघडी पडते, दुसरी पकड शोधते,
मग आतून एक लांब बारीक हात सुटतो,
पेशीच्या भिंतीत रुततो आणि दुमडून ओढतो.
फरक एवढाच, मेतर,
की तुमची होडी होडीच राहते.
ही धक्क्यात विरघळते.
तिची कातडी धक्क्याची कातडी होते,
आणि माल आत.

सुगंधा इतका वेळ दाराशी बसलेली,
मासळीची पाटी बाहेर ठेवून.
ती म्हणाली,
"पण थंय खुंटे ठोकले कोणी?"

हा प्रश्न सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता.
ते आपलेच, म्हटलं.
बोटाला काटा लागला की तिथून हाक जाते,
ती हाक झेलायला दुसरा खुंटा.
आजार ओळखताना पेशी पेशीला धरते,
त्या धरण्यासाठी पहिला.
त्याच्यासाठी कुणीच काही ठोकलेलं नाही.

ती बराच वेळ स्वतःच्या बोटाकडे पाहत होती,
जिथून मी सकाळी रक्त घेतलं होतं.

"गोळी खुंटो काढता?"
तशीही एक आहे, टोपी घालणारी. इथे येत नाही.
आपली गोळी आत बसते,
उतरलेल्या मालाची नक्कल होऊ देत नाही.
रोज. एकाच वेळी. समुद्रात असलात तरी.
"समुद्रात येळ चुकणा नाय," तो म्हणाला,
"जमनीर चुकता."

दोन वाजून दहा मिनिटांनी सुगंधाचा कागद आला.
त्यात काय होतं ते तिचं आहे.

संध्याकाळी मी धक्क्यावर गेले. उगाच.
बांगडा घेऊन एक होडी लागत होती.
अंधारातून दोर आला.
धक्क्यावरच्या पोराने तो झेलला,
दोन वेढे मारले,
कुणाची होडी ते न बघता,
दुसऱ्या हातातली विडी न टाकता.