पाव गरम आहे

एकसष्टाव्या भागात रिफ्की गेला.
गेला म्हणजे, आम्हाला दाखवलाच नाही.
नायिका जिना उतरत होती पांढऱ्या झग्यात,
फोन वाजला, ती म्हणाली, "अरेरे. कधी?"
आणि लगेच कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात.

आई सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.
दातांत धरलेली बी
तशीच राहिली.

रिफ्की म्हणजे मालिकेतल्या इमारतीचा राखणदार.
साठ भागांत त्याच्या वाट्याला एकच वाक्य:
"पाव गरम आहे, बाईसाहेब."
दाराच्या मुठीला टोपली अडकवायची,
बेल दाबायची, वाक्य म्हणायचं
आणि कॅमेऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं.
उतरताना तो कठड्याला धरायचा, एका हाताने.
आई म्हणायची, लेखकाला पत्ता नसेल,
पण गुडघा दुखतोय त्याचा.

नायिकेचं पहिलं लग्न मोडलं तेव्हा आई भात बघायला उठली होती.
नायकाची स्मृती गेली तेव्हा
तिने शुक्रानबाईंना फोन करून लोकरीचा भाव विचारला.
आणि आता ही बी.

जाहिराती बावीस मिनिटं चालल्या.
परत आलो तर नायिकेचे केस वेगळे,
घरात पाहुणे, टेबलावर मासे.
ना सुतक, ना दुखवटा.
खुर्च्यासुद्धा होत्या तिथेच.

आमच्या एस्किशेहिरात माणूस गेलं की रवा भाजतात.
लोण्यात, चिलगोजे घालून, हात न थांबवता,
पाऊण तास. नाव मनात धरून.
सकाळी वासाने जाग आली.
मी म्हटलं, आई, तो नट जिवंत आहे,
बँकेच्या जाहिरातीत हसतोय रोज.
"नट सुखी राहो," आई म्हणाली, कलथा न थांबवता.
"मी नटाचा करत नाहीये."

मग वाट्या घेऊन दारोदार.
शुक्रानबाईंनी काही विचारलं नाही,
त्यांचेही डोळे सुजलेले होते.
तिसऱ्या मजल्यावरचे नेज्देत मास्तर आधी हसले,
चमचाभर खाल्ला, आणि मग म्हणाले,
"आता तिथे पाव कोण आणणार?"

शेवटची वाटी तळघरात, बॉयलरपाशी.
इद्रिस. आमचा, खराखुरा.
एकोणीस वर्षं आमच्या मुठीला टोपली अडकवणारा.
त्याने काजळी पुसली, दोन्ही हातांनी वाटी घेतली.
"अल्लाह त्यांना शांती देवो. कोण गेलं?"

आई गप्प.
जिन्यातला दिवा विझला,
तो मिनिटामिनिटाला आपोआप विझतोच.
अंधारात ती म्हणाली, "लांबचे.
एक लांबचे नातेवाईक."

इद्रिसने चाचपत बटण दाबलं.
"लांबचं असलं तरी..." म्हणाला,
आणि वाक्य तिथेच ठेवलं,
आणलेला पाव ठेवावा तसं.

आई निघाली, चार पायऱ्या चढली, थांबली.
"इद्रिस, गुडघा कसा आहे तुझा?"
तो चमचा तोंडाशी धरून बघत राहिला.
"कुठला, बाईसाहेब?"

पुढच्या गुरुवारी बासष्टावा भाग.
नायिकेच्या दाराला टोपली लटकलेली.
आत पाव. ताजा दिसत होता.
भाऊ म्हणाला, सामान मांडणाऱ्याची चूक,
सवयीने अडकवली असेल.
असेल.
नायिका आली, तिने टोपली उचलली, आत गेली.
कुणी ठेवली, तिच्या मनातही आलं नाही.

आईने आवाज वाढवला,
मग आणखी वाढवला,
शेजारच्यांनी भिंत ठोकेपर्यंत.