आवक-जावक

स.न.वि.वि.
एवढं लिहून आधी कार्बन सारखा करतो,
म्हणजे प्रत्येक नमस्काराची एक फिकट निळी प्रत
माझ्यापाशी राहते.

आपटीकर लिहितात, रचना उत्तम आहे.
(ऐकली कुठे?)
अठ्ठावीसऐवजी अकरा मिनिटांत बसवलीत
तर मध्यंतराआधी घेऊ.
मानधनाचं जमणार नाही, साउंडवाल्याचं आम्ही बघू,
चहा आहेच.
मी कळवलं: अकरा मिनिटांत तर
माझे तीन व्हायोलिनवाले सूरसुद्धा मिळवत नाहीत.
ते फाडलं.
'विचार करून कळवतो' असं पाठवलं.

गुगळे, लक्ष्मी रोड:
पन्नास कॅसेटींपैकी चार गेल्या, एक परत आली,
गिऱ्हाईक म्हणालं, यात गाणंच नाही.
दिवाळीचा माल यायचाय, तुमचं खोकं उचला.
सायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबने बांधून
सत्तेचाळीस नग लकडी पुलावरून आणले.
डब्यांत खडखडत होते सगळे,
एकही समेवर आला नाही.

नोटेशनची पुस्तिका, किंमत पस्तीस, टपालखर्च वेगळा.
हा आकडा ठरवायला
मुखड्यापेक्षा जास्त दिवस लागले होते.

आणि आज मनीऑर्डर.
कुसुम टापरे, वाशीम.
खालच्या चिटोऱ्यावर, मावेल तेवढ्या जागेत:
'मैत्रिणीची प्रत उतरवून घेतली होती, त्याचे हे पैसे.
पान सहा, ओळ तिसरी, तीव्र मध्यम
आधी चुकीचा वाटला.
दोन वर्षं तसाच वाजवते आहे.
मुलींनाही तसाच शिकवलाय.'

चूकच ती.
कुलथ्यांच्या छापखान्यात म वर
एक उभी रेघ जास्तीची पडली,
आणि प्रुफं मीच तपासली होती.
त्या शुद्ध मध्यमासाठी मी किती रात्री बसलो,
ते वाशीमला कोण सांगणार.

पेटी काढली. रेघ धरून वाजवलं.
पुन्हा वाजवलं.
आतून ही म्हणाली, हे कुणाचं?
वाशीमच्या एका बाईंचं, म्हटलं.

स.न.वि.वि.
पस्तीस रुपये पोचले, पावती सोबत आहे.
पान सहावरची रेघ बरोबर आहे.
मुलींना सांगा, तिथे घाई करू नका.
कळावे.

लोभ असावा,
हे मी गुगळ्यांनाही लिहितो, आपटीकरांनाही,
हात आपोआप लिहितो.
या वेळी लिहिताना जरा थांबलो.

डेक्कनच्या पेटीत टाकून परत फिरलो
तेव्हा आठवलं,
कार्बन घालायचा राहिला.